लेकीच्या हातचं सॉफ्टवेअर

गाडीतून उतरताना माझा डावा हात कुणाला न विचारता सीटच्या कडेला खाली जातो आणि बॅटरीचा मेन स्विच बंद करतो. उजव्या हातात दाराजवळची दांडी, पाय पायरीवर आणि डाव्या हाताखाली तो लाल खटका. वीस-बावीस वर्षं हे असंच चाललंय. काल घरासमोर गाडी लावली तेव्हा मेन बंद केला होता का, असं कुणी विचारलं तर मला आठवणार नाही. पण जाऊन बघाल तर तो बंदच असेल.

ही सवय मला गोंदियाच्या राइस मिलांनी लावली. मिलच्या आवारात धानाचा कोंडा आणि भुसा ढिगानं पडलेला असतो, त्याला एक ठिणगी पुरते. मी या धंद्यात नवा होतो तेव्हा एका मिलमध्ये उभ्या ट्रकच्या वायरिंगमधून आग लागली आणि अख्खी शेड जळून गेली. तेव्हापासून नियमच झाला, की गाडी उभी राहिली की आधी मेन बंद आणि मग ड्रायव्हर खाली. चौकीदार यायचा, केबिनमध्ये हात घालून हॉर्न दाबून बघायचा. हॉर्न वाजला की त्या गाडीचा नंबर रांगेत शेवटी. हंगामात रांगेत शेवटी जाणं म्हणजे अख्खा दिवस पाण्यात. मी एकदाच शेवटी गेलो. त्यानंतर कुठल्याही चौकीदाराच्या हाताखाली माझा हॉर्न वाजला नाही, आणि याचा मला मोठा गर्व होता.

तीन वर्षांपूर्वी जुनी गाडी गेली आणि ही दहाचक्का आली. जुन्या गाडीला डिझेल आणि अधूनमधून चार शिव्या, एवढंच लागायचं. हिला धुरातलं विष मारायला युरियाचं पाणी लागतं आणि हिच्या इंजिनला कॉम्प्युटर आहे. त्या कॉम्प्युटरला काही खटकलं की समोर पिवळा दिवा लागतो, आणि दिवा लागला की गाडी रुसते. पाय तळापर्यंत दाबा, ती आपल्या मर्जीनंच चालणार.

त्या वर्षी तो दिवा वरचेवर लागायला लागला. एकदा अर्जुनी मोरगावहून धान भरून गोंदियाला येत होतो. कोहमाऱ्याच्या अलीकडे दिवा लागला आणि गाडीनं जोर सोडला. मागे रांग लागली, हॉर्नवर हॉर्न. एक म्हातारा लुनावर मला ओलांडून पुढे गेला आणि जाता जाता वळून माझ्याकडे बघितलं. मला असा राग आला होता की गाडी तिथंच सोडून पायी घरी जावंसं वाटलं.

घरी येऊन लेकीला सांगितलं. लेक गोंदियाच्या बाहेर, आमच्या गाडीच्या डीलरच्या वर्कशॉपमध्ये कामाला लागली होती. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून नुकतीच लागलेली. तिनं दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे या मॉडेलच्या कॉम्प्युटरसाठी नवं सॉफ्टवेअर आलंय, ते मारून घेतलं की खोटा दिवा लागणं थांबेल. आणि दुसरी माझ्याबद्दल.

"बाबा, चावी बंद केली का लगेच मेन काटत नोका जाऊ. दोन मिनिटं थांबा. युरियाच्या नळ्या साफ व्हायले वेळ लागते."

"दोन मिनिटं? तेवढ्यात मिलचा चौकीदार माह्या डोक्यावर येऊन बसते."

"तुमाले सांगून सांगून थकली मी."

मी हसण्यावारी नेलं. चौकीदाराला काय सांगणार, की थांब बाबा, नळ्या साफ होऊन राहिल्या?

पण सॉफ्टवेअरचं मात्र मी मनावर घेतलं, आणि त्याला कारण होतं. लेक सहा महिन्यांच्या बोलीवर होती आणि महिनाअखेरीला ते सहा महिने भरणार होते. त्या वर्कशॉपमध्ये आणखी दोन मुली होत्या, दोघीही पुढे काचेच्या खोलीत बसून फोन घ्यायच्या आणि कागद करायच्या. हिला तिथं बसायचं नव्हतं. हिला शेडमध्ये लॅपटॉपवर काम हवं होतं. मॅनेजर बाहेरगावचा, हिंदी बोलणारा. तो नाही म्हणाला नव्हता, पण हो पण म्हणाला नव्हता. "छह महीना देखते हैं," एवढंच. आतापर्यंत तिनं जेवढी सॉफ्टवेअरं मारली ती जुन्या टेक्निशियनच्या बाजूला उभं राहून. एकटीनं केलेली गाडी एकही नव्हती. ती एक गाडी नीट झाली की लॅपटॉप तिचा, नाही तर काचेच्या खोलीत खुर्ची तयारच होती.

"पयली गाडी आपलीच घेईन मी," ती म्हणाली. "मॅनेजरले सांगून ठेवलं."

मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. इंजिनच्या डोक्यातलं सगळं पुसून नवं लिहायचं, आणि मधे काही बिघडलं तर इंजिन मुकं होतं, हे तिनंच मला एकदा सांगितलं होतं. बाहेर मात्र मी सगळ्या ड्रायव्हर लोकांना सांगत सुटलो, की माझी पोरगी आता गाडीचं डोकं बदलणार आहे. आपलीच फुशारकी आपल्याला कशी नडते ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

ठरल्या दिवशी सकाळी गाडी शेडमध्ये नेली. लेक राखाडी गणवेशात, वेणी कॉलरमध्ये खोचलेली. तिनं बॅटऱ्यांना चार्जर लावला, म्हणजे मधे करंट कमी पडू नये. डावीकडच्या, क्लीनरच्या दारातून वायर आत घेतली, डॅशबोर्डखाली पिन जोडली आणि लॅपटॉप त्या बाजूला लोखंडी ट्रॉलीवर ठेवला. मी माझ्या जागी, स्टिअरिंगमागे बसून होतो. तिनं वर बघितलं. ओठ हलले, काही म्हणणार असं वाटलं, पण म्हणाली नाही. मला वाटलं, पोरगी घाबरली आहे. मी मान हलवून धीर दिला.

"चावी चालू राहू द्या, इंजिन बंद. आता कशालेच हात लावू नोका," ती म्हणाली आणि ट्रॉलीकडे गेली.

चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचं काम. मी हात मांडीवर ठेवून बसलो. डॅशबोर्डवरचे दिवे मधेच सगळे लागायचे, मधेच विझायचे, आणि दर वेळी मी तिच्याकडे बघायचो. खिडकीतून मला तिचा फक्त माथा दिसत होता. शेडमध्ये बाकीची माणसं आपापल्या गाड्यांखाली होती, पण मधून मधून बाहेर येऊन तिच्याकडे बघून जात होती. मॅनेजरही काचेआडून दोनदा डोकावला.

अर्धा तास झाला असेल आणि माझा फोन वाजला. मिलचा मुनीम. माल तयार होता, गाडी कधी येते ते त्याला हवं होतं. टिनाच्या शेडखाली आवाज तुटत होता. मी "हॅलो, हॅलो" करत दार उघडलं, खाली उतरलो आणि बोलत बोलत फाटकापर्यंत गेलो. जेवणानंतर येतो म्हणून सांगितलं. परत फिरलो तर लेकीचा आवाज आला. मोठा नव्हता.

"बंद काऊन झालं हे?"

ती पडद्याकडे बघत होती. मी माझ्या बाजूच्या पायरीवर चढलो, आत बघितलं. लाल खटका आडवा पडला होता. मेन बंद. मी बंद केला होता. मला त्यातलं काहीच आठवत नव्हतं.

मग मी जे केलं ते मला आजवर कुणाला समजावून सांगता आलेलं नाही. मी हात घातला आणि खटका परत फिरवला. खट्. कुणी बघितलं नाही. मग मी गाडीला वळसा घालून तिच्याजवळ गेलो आणि विचारलं, "काय झालं वं?"

ते माझं "काय झालं वं" अजून माझ्या कानात आहे. अगदी साळसूद आवाज होता.

पुढचा अर्धा तास तिनं सगळं करून बघितलं. पिन काढून लावली, लॅपटॉप बंद करून चालू केला. पडद्यावर तेच येत होतं, की गाडी उत्तर देत नाही. चावी फिरवली तर इंजिन हूं की चूं करेना. जुना टेक्निशियन आला, मग मॅनेजर आला.

"मैडम, पिन हिली क्या?"

"नहीं सर."

"फिर चार्जर ढीला होगा."

तिनं चार्जरचे चिमटे हलवून दाखवले. घट्ट होते. इतक्या पुरुषांच्या घोळक्यात उत्तर नसलेली ती एकटी मुलगी, आणि उत्तर खिशात घेऊन मी तिच्या शेजारी उभा. कुणी तिला रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. एक जण हसून म्हणाला, "होता है, पहली बार है ना." मॅनेजरनं लॅपटॉप मिटला, स्वतःच्या काखेत घेतला आणि म्हणाला, "नागपुर से आदमी बुलाना पड़ेगा. तब तक आप फ्रंट पे बैठो."

ती गेली. काचेआड एका रिकाम्या खुर्चीवर बसलेली मला दिसली.

तेव्हाच का बोललो नाही? पहिल्या क्षणाला लाज वाटली. बाकीचे ड्रायव्हर म्हणतील, वीस वर्षं गाडी चालवतो आणि एवढं कळलं नाही. मग वाटलं, नागपूरचा माणूस येईल, गाडी सुरू होईल, कुणाचंच नाव निघणार नाही. आणि त्यानंतर बोलायला उशीर झाला होता. उशीर झाला की माणूस आणखी उशीर करतो. गाडी तिथंच सोडून मी बसनं दवनीवाड्याला घरी आलो.

संध्याकाळी ती स्कूटी लावून आत आली आणि वही काढून बसली. सॉफ्टवेअर कसं मारायचं ती वर्कशॉपची लिस्ट पायरी पायरीनं त्या वहीत उतरवलेली होती. एकेका ओळीवर बोट ठेवून ती सकाळचं आठवत होती. आई जेवायला हाक मारून थकली. शेवटी ताटावर आली, पण घास हातातच.

"मी सगळं बराबर केलं होतं, बाबा. मले समजतच नाई." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी वर होते. गाडी हलली का मधात? कोनी दार आपटलं? तुमचा हात कुठं लागला का?"

तिच्या मनात संशय नव्हता, हे मला शपथेवर सांगता येईल. ती फक्त शोधत होती.

"नाई वं," मी म्हणालो. "मी फोनवर होतो."

सकाळपासून मी नुसता गप्प होतो, आणि गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नाही असं स्वतःला समजावत होतो. आता ती पळवाटही गेली. माझ्या घरात, माझ्या ताटावर बसून मी पोरीशी खोटं बोललो होतो. तिनं मान हलवली आणि पुन्हा वहीत डोकं घातलं.

पुढचे चार दिवस फार वाईट गेले. ती रोज सकाळी जायची, काचेच्या खोलीत बसायची आणि संध्याकाळी परत यायची. गणवेश तोच, पण हाताला ग्रीस नसायचं. मी गाडीविना नुसता अंगणात येरझारा घालायचो. बायकोला काहीतरी खटकलं होतं.

"अजी, दोन दिस झाले, भरल्या ताटावरून उठून जाऊन राहिले तुमी. पोरगी बी बोलत नाई. काय झालं ते मले कोनी सांगन का?"

"गाडी बंद हाय, दुसरं काय होईन?" मी तिच्यावरच खेकसलो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

चौकात चहाला गेलो तर तिथं एक ओळखीचा ड्रायव्हर बसलेला. "काय गा," तो म्हणाला, "तुयी गाडी लेकीनंच मारली म्हनतेत?" मी त्याच्या अंगावर धावून गेलो. दोघांनी धरलं म्हणून बरं. तो बिचारा घाबरून म्हणत होता, "मी काय खोटं बोललो का बे?" खोटं तो बोलला नव्हता, त्याच्या कानावर खोटं मीच पोचवलं होतं, आणि मारायला उठलो होतो त्याला.

तिसऱ्या दिवशी नागऱ्याच्या महादेवाला गेलो. मी काही फार देवधर्म करणारा माणूस नाही, पण पाय तिकडे वळले. बेल वाहिला, हात जोडले आणि मागायला गेलो तर मागता येईना. पोरीची चूक निघू नये असं मागू? तिची चूक नव्हतीच. माझी निघू नये असं मागू? मग ती तिच्याच माथी राहणार. बराच वेळ उभा राहिलो आणि काही न मागता परत आलो.

पाचव्या दिवशी वर्कशॉपमधून फोन आला, की नागपूरचा माणूस आलाय, या. सगळं कबूल करायचं ठरवूनच गेलो होतो असं आता म्हणायला बरं वाटेल. खरं सांगायचं तर ठरलं काहीच नव्हतं. बसमध्ये बसून मी एवढंच म्हणत होतो, की गाडी सुरू होऊ दे, बाकी नंतर बघू.

नागपूरचा माणूस बारका, चष्मेवाला, कमी बोलणारा. त्यानं इंजिनवरून कॉम्प्युटरचा डबा काढून टेबलावर ठेवला होता. डबा आपल्या जेवणाच्या डब्याएवढाच, आणि एवढ्याशा त्या वस्तूपायी माझी झोप उडाली होती. त्याला वायरी लावून तो आपल्या लॅपटॉपवर टकटक करत होता. शेडमधली सगळी माणसं भोवती जमलेली. मॅनेजरनं लेकीलाही काचेच्या खोलीतून बोलावून घेतलं. तासाभरानं तो म्हणाला, "आला. जिवंत आहे." मला वाटलं, संपलं.

पण तो तिथं थांबला नाही. त्या दिवशीच्या कामाची सगळी नोंद लॅपटॉपमध्ये राहते, ती त्यानं उघडली. "हे बघा," तो मॅनेजरला म्हणाला. "चोवीस व्होल्ट, चोवीस, चोवीस आणि इथं एकदम शून्य. मग थोड्या वेळानं परत चोवीस. पिन सुटली असती तर आपोआप लागली नसती. कोणीतरी मेन बंद केलाय आणि परत चालू केलाय."

सगळे लेकीकडे बघायला लागले. लेकीनं माझ्याकडे बघितलं.

एक क्षणच असेल. तिला सगळं कळलं ते मला तिच्या डोळ्यांत दिसलं. माझं फोनवर जाणं, माझं परत येणं, ताटावरचं बोलणं, सगळं. मग तिनं नजर खाली केली आणि मॅनेजरकडे वळली. "सर, मेरे से..." ती सुरू झाली.

"मेन मी बंद केला," मी म्हणालो. "फोन आला म्हनून उतरलो, सवयीनं हात गेला. आन परत चालूबी मीच केला. तिले काई मालूम नाई."

बोलून झालं आणि मला वाटलं, सुटली पोरगी. पाच दिवसांत पहिल्यांदा छाती मोकळी झाली. आता मॅनेजर माझ्यावर ओरडेल आणि तिला लॅपटॉप देईल. पण तो माझ्यावर ओरडलाच नाही.

"चाचा, आप केबिन में बैठे थे? सॉफ्टवेयर चल रहा था तब?"

"हो."

तो तिच्याकडे वळला. "लिस्ट की पहली लाइन क्या है, मैडम?"

ती हळू आवाजात म्हणाली, "केबिन में कोई नहीं रहेगा. चाबी टेक्नीशियन के पास रहेगी."

"तो?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की माझ्या खरेपणानं तिला आणखी खोल ढकललं होतं. पिन हलली असती तर तो अपघात होता, कुणाच्याही हातून झाला असता. आता ती तिची चूक होती, आणि तीही पहिल्याच ओळीची.

"दूसरा कस्टमर होता तो उतारती?"

"हाँ सर."

"फिर इनको क्यों नहीं उतारा?"

एवढे दिवस ती त्याच्याशी हिंदीत बोलायची. आता तिची हिंदी सुटली. "बाबा आहेत सर माहे. त्याइचीच गाडी. त्याइले उतरा कसं म्हनू?"

कुणी हसलं नाही. तिथल्या प्रत्येकाच्या घरी असाच एक बाप असणार. मी काही जुलमी माणूस नाही, पण आमच्या घरात मला कुणी ऊठ म्हणत नाही. मी खाटेवर बसलेलो असलो तर बायको चादर बदलायला मी उठायची वाट बघते. आणि ही पोरगी लहानपणी माझ्या गाडीचा आवाज आला की फाटक उघडायला धावायची. गाडी तिच्या बापाची जागा होती. त्या सकाळी तिचे ओठ कशासाठी हलले होते ते मला पाचव्या दिवशी समजलं.

मॅनेजरनं टेबलावरच्या डब्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "मैडम, लैपटॉप पे मुझे वो चाहिए जो अपने बाप को भी नीचे उतार दे. डब्बा वापस लगेगा, अभी मेरे सामने पूरा काम करो, पहली लाइन से. नहीं हुआ तो कल से फ्रंट."

डबा परत इंजिनवर चढला. नागपूरच्या माणसानं मला हाक मारली, "ड्रायव्हर, वर जाऊन चावी लावा जरा." मी चढलो, चावी लावली. दिवे लागले. त्यानं हात केला, ठीक आहे. आता माझं वरचं काम संपलं होतं.

मी आपणहून उतरू शकलो असतो. एक पाय उचललाही होता. मग वाटलं, मी उतरलो तर तिला म्हणावं लागणार नाही. आणि तिला म्हणता आलं पाहिजे, या सगळ्यांसमोर, मोठ्यानं. मी पाय खाली घेतला आणि बसून राहिलो. आयुष्यात इतका घाबरून मी त्या सीटवर कधी बसलो नव्हतो. ती बोलली नाही तर? पुन्हा ओठ नुसते हलले तर? तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती. बघितलं असतं तर ती विरघळली असती, किंवा मी.

तिनं चार्जर लावला. पिन लावली. ट्रॉली ढकलत आणली, पण या वेळी माझ्या बाजूला.

"केबिन में कौन है?" मॅनेजरनं विचारलं. दिसत तर त्याला होतंच.

तिनं ट्रॉलीवरचा हात काढला.

"कस्टमर है सर," ती म्हणाली. मग दाराशी येऊन, माझ्या नजरेला नजर देऊन म्हणाली, "खाली उतरा. चावी माह्यापाशी द्या."

आवाज चिरका होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. मी चावी काढली आणि दोन्ही हातांनी दांडी धरून उतरलो. तिच्या तळहातावर चावी ठेवली तेव्हा तो थंडगार लागला. मला लागलं, खोटं कशाला बोलू. कस्टमर हा शब्द आतवर जाऊन लागला. आणि त्याच वेळी मला रडू येईल की काय अशी भीतीही वाटली.

"पिवळ्या पट्टीच्या मांगं उभे राहा," ती म्हणाली, आणि चावी परत लावायला स्वतः वर चढली.

मी पिवळ्या पट्टीच्या मागे पंचेचाळीस मिनिटं उभा राहिलो. कुणी खुर्ची दिली ती घेतली नाही. तिनं एकदाही मान वर केली नाही. शेवटी ती केबिनमध्ये चढली, चावी बंद केली, थांबली, परत फिरवली आणि इंजिननं पहिल्याच दमात आवाज दिला. मॅनेजर शाबास वगैरे म्हणाला नाही. त्यानं लॅपटॉप तिच्याजवळच राहू दिला आणि दुसऱ्या गाडीकडे बोट दाखवून निघून गेला.

ती कागद घेऊन माझ्याकडे आली. काम समजलं, गाडी मिळाली, अशी गिऱ्हाइकाची सही लागते. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"मेनचं काई नाई, बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, दुसऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. "हात कोनाचाबी जाते. पन मी तुमाले जेवताना विचारलं होतं. पाच दिस मी माह्या हाताले दोष देऊन राहिली होती."

तिनं पेन पुढे केलं. सही कुठं करायची ते बोटानं दाखवलं, आणि मी केली.